सरखेल कान्होजी आंग्रे आणि कुलाब्याची अनिर्णित लढाई

गागोदे बुद्रुक येथे दर्शनास येणारे भाविक बहुधा आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव पाहण्याच्या ओढीनेही येतात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म येथे झाला. येथून अनेकजण पेणमार्गे अलिबागला जातात, समुद्रातील कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचे दर्शन घेतात आणि गावातील एका समाधीपाशी क्षणभर थांबतात. ही समाधी ज्या पुरुषाची आहे त्याचे नाव सर्वांस ठाऊक असते, चरित्र मात्र फारच थोड्यांस. यास्तव भाविकांच्या व देणगीदारांच्या माहितीसाठी सरखेल कान्होजी आंग्रे यांचे चरित्र येथे देण्याचे योजिले आहे. शस्त्राला स्पर्श न करता देशभर पायी हिंडलेल्या विनोबांच्या गावी तोफा-गुराबांची हकीकत सांगावी हे कोणास विसंगत वाटेल. परंतु दोघेही याच जिल्ह्याचे, आणि या जिल्ह्याचे १९८१ पूर्वीचे कुलाबा हे नाव कान्होजींच्या किल्ल्याचेच होते.

कान्होजींचा काळ समजण्यासाठी त्या वेळचा आपला किनारा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. उत्तरेस मुंबई बेट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे १६६८ पासून होते. वसईपासून गोव्यापर्यंत ठिकठिकाणी पोर्तुगीजांची ठाणी होती. अलिबागच्या दक्षिणेस अगदी हाकेच्या अंतरावर चौल-रेवदंडा आणि कोर्लई ही त्यांचीच. त्याखाली मुरुडसमोर जंजिऱ्यावर सिद्दी. थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे जवळजवळ आहेत. पैकी खांदेरी शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये बांधावयास घेतली, तर उंदेरी १६८० पासून सिद्दीच्या ताब्यात गेली. म्हणजे कुलाब्याच्या तटावर उभे राहिले असता तीन शत्रूंची हद्द थोड्याफार फरकाने आसपासच होती. कुलाबा किल्ल्याचे काम शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६८० मध्ये सुरू झाले व संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले. त्याच्या तटात प्रचंड शिळा चुन्यावाचून एकावर एक रचलेल्या आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते व परत जाते, त्यामुळे भिंतीवर लाटेचा पुरता आघात होत नाही. हा बांध पाहून अभियंते आजही थबकतात.

कान्होजींचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडील आंगरवाडी या वस्तीवरून घराण्यास आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवकाळात हर्णैसमोरील सुवर्णदुर्गावर चाकरीस होते, आणि कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला असे मानले जाते. बालपण हर्णैच्या परिसरातच गेले. घाटावरच्या घराण्यातील हा मुलगा कोळी, भंडारी आणि दर्यावर्दी लोकांत वाढला, आणि भरती-सुकती, भांग-उधाण, मतलई वारा यांचे ज्ञान त्यास ग्रंथांवाचून मिळाले. सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा घातला तेव्हा किल्लेदार फितूर होत असल्याचे ध्यानी येताच तरुण कान्होजींनी त्यास कैद करून किल्ला आपल्या हाती घेतला व पावसाळा सुरू होऊन वेढा उठेपर्यंत लढविला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील बाजूस ठेवला तरी एवढे खरे की संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ मध्ये रायगड पडला व राजाराम महाराज जिंजीस गेले त्या अंधाऱ्या वर्षांत, कोकणचा किनारा ज्यांनी सांभाळला त्यांत कान्होजींचे नाव वर आले. १६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर निवर्तले आणि आरमाराचा कारभार कान्होजींकडे आला. सरखेल म्हणजे आरमाराचा अधिपती. हा किताब पुढे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

त्यांचे आरमार कसे होते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील साऱ्या लढायांचे मर्म त्यात आहे. मुख्य जहाज गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद, तळाने उथळ, आणि पुढे निमुळते होत गेलेले. त्याच्या नाळेवर पुढच्या दिशेने गोळे टाकणाऱ्या दोन मोठ्या तोफा असत, म्हणजे शत्रूवर चालून जातानाच मारा करता येई. दुसरे गलबत. ते लहान, हलके, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. समुद्र निवांत झाला, वारा पडला, की युरोपीय मोठी जहाजे जागच्या जागी खिळून राहत. त्या वेळी गलबते गुराबांना दोर लावून ओढीत नेत व शत्रूच्या पिछाडीस आणून सोडीत. तेथे त्याच्या तोफा फारशा नसत. मारा प्रथम डोलकाठ्यांवर व शिडांवर होई. जहाज पंगू झाले की चहूबाजूंनी गलबते भिडत आणि शेकडो माणसे एकदम वर चढत. आठ-दहा गुराबा व चाळीस-पन्नास गलबते एवढे मुख्य आरमार असे. इंग्रजांची मोठी जहाजे खुल्या दर्यावर वाऱ्यात असताना या ताफ्यास भारी होती यात शंका नाही. कान्होजी हे पुरते जाणून होते. म्हणून खोल पाण्यात समोरासमोर रांग धरून लढण्याचा मोह त्यांनी कधी धरला नाही. लढाई अंगावर आली की त्यांची जहाजे खाडीत, खडकांआड, किल्ल्याच्या तोफांखाली येत आणि मोठ्या जहाजांना तळ लागण्याच्या भीतीने बाहेरच थांबावे लागे. ज्येष्ठात पावसाळा लागला की जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवीत व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात लोटीत. शत्रूलाही तोच नियम होता, म्हणजे प्रत्येक मोहिमेस ठरावीक महिनेच मिळत.

याचा प्रत्यय १७१० मध्ये मुंबईकरांना आला. त्या वर्षी खांदेरीच्या आसपास कान्होजींच्या जहाजांनी इंग्रजांचे गोडॉल्फिन हे जहाज अडविले. मुंबईच्या दृष्टिपथातच दोन दिवस झुंज चालली. जहाज हाती आले नाही, ते निसटून बंदरात शिरले. पण कान्होजींचे आरमारही शाबूत राहिले. या झुंजीची जीत कोणाची असे विचारल्यास उत्तर देता येत नाही. परंतु त्यानंतर मुंबईचे व्यापारी बंदराबाहेर जहाज काढताना खांदेरीकडे पाहून काढू लागले, हा परिणाम मात्र स्पष्ट होता.

इंग्रजांच्या ग्रंथांत कान्होजींना सर्रास चाचा म्हटले आहे. हा शब्द आम्हास मान्य नाही, आणि तो केवळ अभिमानापोटी नव्हे. पोर्तुगीज लोक दोन शतके आपला परवाना नसलेले जहाज धरीत होते. त्या परवान्यास त्यांच्याकडे कायदा म्हणत. छत्रपतींच्या सरखेलाने आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांस दस्तक घ्यावयास लावले व न घेणाऱ्यांस धरले, तर तेवढेच कृत्य दरोडा कसे ठरते? तथापि सर्व काही गोड होते असेही नाही. १७१२ च्या अखेरीस कारवारकडे निघालेले एक इंग्रज जहाज कान्होजींच्या लोकांनी पकडले. त्यात एक नवविवाहित इंग्रज अधिकारी लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. त्यानंतर १७१३ मध्ये उभयपक्षी तह झाला व काही काळ शांतता राहिली. त्या काळी खंडणी घेऊन कैदी सोडणे सर्वच पक्षांत रूढ होते. तरीही हा प्रसंग वाचताना मन क्षणभर थांबते.

याच सुमारास मराठी राज्यात घरचाच पेच उभा होता. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले व ताराबाईसाहेबांचा पक्ष आणि त्यांचा पक्ष असे दोन भाग झाले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूस होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांच्यावर पाठविले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. अखेर श्रीवर्धनच्या देशमुखी घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांना पेशवाईची वस्त्रे देऊन बोलणी करण्यास पाठविण्यात आले. बाळाजीपंत कोकणचेच, सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धन सोडावे लागलेले. दर्याचे मोल त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. १७१४ च्या आरंभी समेट झाला. कान्होजी शाहू छत्रपतींच्या छत्राखाली आले, सरखेलपद कायम झाले, दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. तलवार न उपसता झालेला हा तह मराठी इतिहासातील फार मोठ्या घटनांत मोजावा असे आम्हास वाटते. सात वर्षांनी कुलाब्यावर प्रसंग आला तेव्हा त्याचे फळ हाती आले.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला. आंग्र्यांचा निकाल लावावयाचाच असा चंग बांधून त्याने मुंबईभोवती तट उभारला, नवी लढाऊ जहाजे बांधविली आणि १७१७ मध्ये विजयदुर्गावर आरमार पाठविले. ते हात हलवीत परतले. १७१८ च्या नोव्हेंबरात तो स्वतः खांदेरीवर गेला. तोफा डागल्या, माणसे उतरविली, आणि काही दिवसांत परत फिरला. १७२० मध्ये वॉल्टर ब्राउन याच्या हाताखाली पुन्हा विजयदुर्गावर मोहीम झाली. या वेळी तोफा लादलेला एक तरंगता बुरूजच बांधून नेला होता. त्याचाही उपयोग झाला नाही. तीन मोहिमा, तिन्ही व्यर्थ. यांपैकी एकाही वेळी कान्होजींनी इंग्रज आरमार समुद्रात बुडविले नाही. त्यांनी फक्त किल्ला दिला नाही आणि आरमार हरविले नाही.

आता १७२१ चा प्रसंग. बूनने इंग्लंडच्या राजाकडे मदत मागितली होती. सप्टेंबर १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज हा राजाच्या आरमारातील लायन, सॅलिसबरी, एक्झेटर व शोरहॅम ही चार जहाजे घेऊन मुंबईस पोहोचला. त्याआधीच ऑगस्टमध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात आंग्र्यांविरुद्ध करार झाला होता. एरवी या दोघांचे एकमेकांशी फारसे पटत नसे, पण कान्होजींच्या नावाने ते एकत्र आले. गोव्याचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जोझे द सांपायो इ कास्त्रो स्वतः आला. चौलजवळ दोन्ही फौजा मिळाल्या. जमिनीवर सुमारे सहा हजार माणसे, समुद्रात राजाचे, कंपनीचे व पोर्तुगीजांचे आरमार. एवढे बळ या किनाऱ्यावर एका किल्ल्यासाठी एकवटल्याचे त्यापूर्वीचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

कान्होजींनी दोन गोष्टी केल्या. आरमार घेऊन या प्रचंड ताफ्यावर चालून जाण्याचे त्यांनी टाळले. आणि साताऱ्यास शाहू महाराजांकडे कुमक मागितली. महाराजांनी नवे तरुण पेशवे बाजीराव यांना पाठविले. बाजीरावांना पेशवाई मिळून दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांच्याबरोबर पिलाजी जाधवरावांसारखे सरदार होते. घाटावरचे घोडदळ कोकणात उतरले. १७१४ चा समेट झाला नसता तर हीच फौज कदाचित कान्होजींच्या विरुद्ध उतरली असती, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

मॅथ्यूज धीट पण तापट होता. किल्ल्याची टेहळणी करण्यास तो एकदा फार पुढे गेला. एका मराठा स्वाराने भाला चालवून त्याच्या मांडीस जखम केली. त्याने पाठलाग करून पिस्तूल रोखले, ते उडाले नाही. डिसेंबरच्या अखेरीस हल्ला ठरला. कुलाबा किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की भरतीस तो चहूकडून पाण्याने वेढलेला असतो आणि सुकतीस वाळूवरून चालत तेथपर्यंत जाता येते. समुद्रातून जहाजांनी तोफांचा भडिमार केला. किनाऱ्यालगतचे पाणी उथळ व खडकाळ असल्याने मोठ्या जहाजांना हवे तेवढे जवळ येता येत नाही हे आजही कोणी नावाडी सांगेल. जमिनीवरून इंग्रज खलाशी व शिपाई शिड्या घेऊन तटाकडे धावले. नेमक्या त्याच वेळी मराठ्यांची फौज पोर्तुगीजांच्या बगलेवर येऊन पडली. पोर्तुगीज फळी मोडली आणि पळ सुटला. त्या लोंढ्यात इंग्रजांनाही माघार घ्यावी लागली. तोफा व दारूगोळा मैदानात टाकून दोन्ही फौजा छावणीकडे परतल्या.

यापुढचा भाग मोठा चमत्कारिक आहे. मॅथ्यूजचा संताप अनावर झाला. पोर्तुगीजांनी विश्वासघात केला असे म्हणत त्याने त्यांच्या उत्तर प्रांताच्या सेनापतीच्या तोंडात हातातील काठी खुपसली आणि खुद्द व्हाइसरॉयलाही बरेवाईट बोलला, असे त्या मोहिमेच्या समकालीन वृत्तांतात नमूद आहे. व्हाइसरॉयने प्रकृतीचे कारण सांगून जहाज गाठले. इकडे बाजीरावांनी लढाई पुढे रेटण्याऐवजी बोलणी सुरू केली, आणि तीही फक्त पोर्तुगीजांशी. जानेवारी १७२२ मध्ये मराठे व पोर्तुगीज यांचा तह झाला. इंग्रज एकटे पडले व मुंबईस निघून गेले. कुलाबा जागच्या जागी राहिला. खांदेरी राहिली, विजयदुर्ग राहिला, गुराबा राहिल्या.

या लढाईस विजय म्हणावे की काय? अनेक पुस्तकांत तसे लिहिलेले आढळते. आमच्या मते ही अनिर्णित लढाई होती आणि तसे म्हणण्यात कान्होजींचा मान तिळभरही कमी होत नाही. शत्रूचे आरमार बुडाले नाही, मुंबई हाती आली नाही, चौल पोर्तुगीजांकडेच राहिले, उंदेरीवर सिद्दीचे निशाण फडकतच राहिले. पण ज्याला निकाल हवा होता तो बून होता, कान्होजी नव्हते. दूर देशाहून राजाचे आरमार आणणाऱ्यास खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, वारे बदलण्यापूर्वी परतावे लागते. घरात बसून घर राखणाऱ्यास तिथी ठरवून जिंकावे लागत नाही. प्रत्येक मोहीम निकालावाचून परत जाणे हेच कान्होजींना पुरेसे होते, आणि ते त्यांनी सतत साधले.

येथे थॉमस मॅथ्यूज याच्या पुढील आयुष्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हाच मनुष्य पुढे ॲडमिरल झाला. फेब्रुवारी १७४४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तूलाँजवळ फ्रेंच व स्पॅनिश संयुक्त आरमाराशी त्याची मोठी लढाई झाली. दोन्हीकडे शिडांच्या प्रचंड युद्धनौकांच्या रांगा होत्या. मॅथ्यूज स्वतः पुढे घुसला, त्याच्या पिछाडीचा अधिकारी लेस्टॉक लांबच राहिला, आणि लढाई निकालावाचून संपली. इंग्लंडात गहजब झाला, चौकशी झाली, लेस्टॉक निर्दोष सुटला आणि मॅथ्यूजला १७४७ मध्ये आरमारातून काढून टाकण्यात आले. कुलाब्याप्रमाणेच तेथेही त्याचा रोष आपल्याच बाजूच्या सोबत्यावर होता. ज्या राष्ट्राला सागरावर सत्ता हवी त्याला बरोबरीची लढाई म्हणजे पराभव, आणि ज्या सरखेलाला आपला किनारा राखावयाचा होता त्याला तीच पुरेशी कमाई.

१७२४ मध्ये डच आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तोही फसला. त्याच वर्षी मुंबईचा नवा गव्हर्नर विल्यम फिप्स व कान्होजी यांच्यात कैद्यांच्या अदलाबदलीसंबंधी व तहासंबंधी पत्रव्यवहार झाला. फिप्सने लुटारूपणाचा आरोप केला असता कान्होजींनी शांतपणे कळविले की दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही आणि जगाची रीतच अशी आहे. या उत्तरात त्रागा नाही, हे विशेष.

देवस्थानांशी कान्होजींचा संबंध सांगताना चिपळूणजवळील श्रीक्षेत्र परशुराम येथील प्रसंग टाळता येत नाही, जरी तो सुखद नाही. ब्रह्मेंद्रस्वामी हे तेथील थोर सत्पुरुष. शाहू महाराज, बाजीराव, कान्होजी असे सर्वजण त्यांस मानीत, आणि जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांचा आदर करी. सिद्दी सात नावाच्या सरदारासाठी स्वामींनी सावनूरहून एक हत्ती आणविला. वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो पकडून जयगडास नेला. यात स्वामींचाच हात असावा असा संशय सिद्दी सातास आला आणि १७२७ मध्ये त्याने परशुरामावर चालून येऊन मंदिराची नासधूस केली. स्वामी अत्यंत व्यथित झाले. पुढे त्यांनी कोकण सोडले व साताऱ्याजवळ धावडशी येथे वास्तव्य केले. सिद्दीवर तत्काळ चालून जावे अशी स्वामींची इच्छा होती. कान्होजींनी मात्र समेटाचा मार्ग धरला. यावरून त्यांस बोल लावणारे लेखक आहेत. एका बाजूस गुरूचा शब्द व देवस्थानाची विटंबना, दुसऱ्या बाजूस इंग्रज दारात उभा असता सिद्दीशी नवे युद्ध पत्करण्याचा धोका. साठीकडे झुकलेल्या सरखेलाने जे ठरविले ते भक्ताला रुचणारे नाही, पण आरमार सांभाळणाऱ्याची जबाबदारी ध्यानात घेतली तर ते अनाकलनीयही नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे देहावसान झाले. पावसाळ्याचे दिवस होते. म्हणजे आरमार किनाऱ्यावर ओढलेले असताना सरखेल गेले. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी असे त्यांना सहा पुत्र होते. सेखोजींनी कारभार नीट पाहिला, पण १७३३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भावाभावांत फूट पडली. अखेर कुलाब्यास मानाजी आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे संभाजी अशी वाटणी झाली. एक आरमार दोन झाले. संभाजींनंतर तुळाजी आले. ते पराक्रमी होते, पण पेशव्यांशी त्यांचे हाडवैर जडले.

पुढचे लिहिताना लेखणी जड होते. पेशवे नानासाहेब यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात एकत्र उभ्या असलेल्या आंग्रे आरमारातील एका जहाजास आग लागली. ती पसरत गेली व पाहता पाहता सारे आरमार जळून गेले. आग लागलेले ते जहाज तुळाजींच्या लोकांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेले होते. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले. कान्होजींच्या हयातीत बून, मॅथ्यूज, पोर्तुगीज व डच यांना चार-पाच मोहिमांत जो निकाल लावता आला नाही, तो एका दिवसात लागला. १७२१ मध्ये पेशव्यांचे घोडदळ आंग्र्यांसाठी घाट उतरले होते. १७५६ मध्ये ते आंग्र्यांवर उतरले. फरक एवढाच होता.

कुलाब्याची शाखा मात्र पुढे चालली. मानाजींच्या आरमाराने चिमाजी आप्पांना वसईच्या मोहिमेत साहाय्य केले. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथून आणलेल्या घंटांपैकी एक पालीच्या श्रीबल्लाळेश्वर मंदिरात आहे. अष्टविनायक यात्रा केलेल्या भाविकांनी ती पाहिलीच असेल. मानाजींनंतरच्या रघूजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर बांधले. मापगावजवळील कनकेश्वराच्या डोंगरावरील पायऱ्या त्यांच्याच दिवाणांनी १७७४ मध्ये बांधविल्या. उन्हातून त्या चढताना भाविक ज्यांस दुवा देतात ते हे आंग्रे घराणे. १८४० मध्ये वारसाच्या प्रश्नावरून कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळास १९५१ मध्ये आंग्रे हे नाव दिले. खांदेरी बेटास १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे बेट असे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हे तिन्ही आहेत. कुलाबा त्या यादीत नाही, याची हळहळ अलिबागकरांस वाटल्यास नवल नाही.

गागोद्याहून अलिबागला जाणाऱ्या भाविकांसाठी थोडी सूचना. कान्होजींची समाधी अलिबाग शहरातच आहे व तेथे केव्हाही जाता येते. तळ्याजवळील हिराकोट हा कान्होजींनी १७२० मध्ये बांधलेला कोट आहे, तो बाहेरून पाहावा. कुलाबा किल्ल्यात जाण्यासाठी मात्र सुकतीची वेळ आदल्या दिवशीच स्थानिकांकडे विचारून घ्यावी. सुकतीस वाळूवरून पायी किंवा घोडागाडीने जाता येते. सिद्धिविनायकाचे दर्शन, गोड्या पाण्याची विहीर व चुन्यावाचून रचलेला तट पाहण्यास साधारण तास-दीड तास लागतो. पाणी चढू लागण्यापूर्वी किनाऱ्याकडे परतावे. वृद्ध भाविक व लहान मुले बरोबर असल्यास घोडागाडीवाल्यास परतीची वेळ सांगूनच आत जावे. खांदेरीवर जाण्यासाठी थळच्या किनाऱ्यावरून होडी करावी लागते. तेथे वेताळाचे स्थान असून कोळी बांधवांची त्यावर मोठी श्रद्धा आहे. पावसाळ्यात तो प्रवास करू नये.